डब्यातले प्लग

इंजिन खोलणाऱ्या माणसाची पारख मी त्यानं काढलेल्या पिस्टनवरून करत नाही. काढलेले प्लग त्यानं कुठं ठेवले त्यावरून करतो. पिस्टन, कॅम, गिअर यांची जागा चुकायला फारसा वाव नसतो. तळाचे प्लग, लेव्हलचे स्क्रू, बँजो बोल्ट आणि त्यांच्याखालचे वायसर मात्र एकदा एका डब्यात पडले, की कोण कुणाचं हे सांगायला कुणी उरत नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं आमच्या कोल्हापूरच्या गॅरेजवर कास्ट आयर्न बुलेट आणली ती अशीच. चासी टेंपोत आडवी टाकलेली, क्रँककेस आणि बॅरल खताच्या पोत्यांत, आणि बारीकसारीक सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

गाडी त्याच्या आजोबांची. ऑगस्ट 2019 च्या पुरात ती गोठ्यालगत उभी होती आणि पाणी पेट्रोलच्या टाकीवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर कुणीतरी इंजिन खोललं, आज करतो उद्या करतो म्हणत रखडवलं आणि शेवटी पोत्यांत भरून परत दिलं. पोती माळ्यावर गेली. "समदं हाय बघा मिस्त्री त्यात, एक नट बी भाईर गेला न्हाई," तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अडचण वेगळीच होती: डब्यात जरुरीपेक्षा जास्त माल होता.

हाताखालच्या पोरानं सवयीनं डिझेलचं घमेलं पुढं ओढलं. मी डबा बाजूला घेतला. असा डबा आला की आधी धुवायचं नाही, हे मला माझ्या मिस्त्रींनी शिकवलं. ते म्हणायचे, "मळ धुतलास म्हंजे साक्षीदार मारलास." त्यांना इंग्रजी मॅन्युअल वाचता येत नव्हतं, पण बोटावरच्या तेलाचा वास घेऊन प्लग इंजिनाचा की गिअरबॉक्सचा ते सांगायचे. आम्हा पोरांना तेव्हा ती जादू वाटायची. जादू त्यात काही नव्हती. गिअर ऑइलमध्ये गंधक असतं, त्याचा उग्र वास वर्षानुवर्षं आट्यांत टिकतो. इंजिन ऑइल जळकट वास देतं आणि बोटाला काळं लागतं. प्रायमरी चेनकेसचं तेल त्यामानानं पातळ, आणि त्यात क्लच प्लेटांची बारीक काळी भुकटी असते, ती दोन बोटांत चोळली की खरखरते.

या डब्यात आणखी एक साक्षीदार होता, पुराचा गाळ. वर्तमानपत्र पसरून एकेक नग त्यावर मांडला. पूर आला तेव्हा जो प्लग आपल्या जागी घट्ट बसलेला होता, त्याच्या डोक्यावर आणि वायसरच्या कडेला वाळलेला पिवळट गाळ होता, आटे मात्र तेलकट. ज्याच्या आट्यांतही गाळ, तो पुराच्या आधीपासूनच ढिला असणार. आणि जे नग डोक्यापासून टोकापर्यंत स्वच्छ, एकाही खाचेत गाळाचा कण नाही, ते पुरानंतर कुठून तरी डब्यात आलेले पाव्हणे. एवढ्यानंच निम्मा पसारा मार्गी लागला. पाव्हण्यांना वेगळ्या वाटीत काढलं. फेकले नाहीत, ते का आले असतील हे पुढं पाहायचं होतं.

नव्या गाड्यांवर हात बसलेल्या मुलांना बुलेटचा तळ गोंधळात टाकतो. हल्लीच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात चालतात, म्हणजे खाली एक ड्रेन बोल्ट आणि वर एक भरायचं झाकण. कास्ट आयर्न बुलेटची, म्हणजे 70 मिलिमीटर बोअर आणि 90 मिलिमीटर स्ट्रोकच्या त्या 346 सीसी इंजिनाची, तीन घरं वेगळी. (नाव कास्ट आयर्न असलं तरी बिडाचं ते बॅरल तेवढं; हेड आणि क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचे. आट्यांच्या दृष्टीनं ही गोष्ट महत्त्वाची, कारण पोलादी प्लग आणि मऊ अ‍ॅल्युमिनियम यांच्या भांडणात नेहमी अ‍ॅल्युमिनियम हरतं.) इंजिनाचं तेल वेगळं, डावीकडच्या प्रायमरीचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. प्रत्येक घराला भरायची जागा, पातळी पाहायची जागा आणि रिकामं करायची जागा. त्यात इंजिनाची तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला घेतलेली, त्यामुळं खाली एकाच प्लगवर भागत नाही. एक टाकीचा, एक टाकीतून पंपाकडं जाणाऱ्या वाटेचा, एक जिथं क्रँक फिरतो त्या घराच्या तळाचा. पुष्कळ ठिकाणी ऑइल बदलताना फक्त टाकीचा प्लग उघडतात. बाकीचे दोन तसेच राहतात आणि त्यांच्या मागं काळा चिखल साठत जातो.

गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँकच्या घरात उतरतं आणि पहिल्या किकला सायलेन्सरमधून पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट निघतो. मालक घाबरतो, रिंगा गेल्या म्हणतो. अशा वेळी क्रँकच्या घराचा तो प्लग उघडून उतरलेलं तेल काढून घेतलं की काम भागतं. पंपाच्या वाटेचा प्लग तर मुळात साफसफाईसाठीच. पुराच्या इंजिनात त्या वाटेत गाळ आणि तेल यांची खरवडून काढावी लागेल अशी खळ झालेली होती. प्लगच नसता तर तिथपर्यंत पोचायला मार्गच नव्हता.

म्हणून प्लग ओळखायचा म्हणजे नुसतं भोक शोधायचं नव्हे, त्याचं काम शोधायचं. जो तळाला असतो त्याच्या डोक्यावर दगडांचे टवके असतात, एखाद्या मिस्त्रीच्या छिन्नीचे घाव असतात. जो वर किंवा बाजूला असतो त्याचं डोकं बहुधा शाबूत. डोक्याच्या खालच्या सपाट भागावर वायसरनं वर्तुळ उठवलेलं असतं. व्हर्नियरनं त्याचा आतला-बाहेरचा व्यास घेतला, की क्रँककेसवर तसंच वर्तुळ कुठं आहे ते टॉर्च तिरका धरून शोधता येतं. प्लगचं वर्तुळ आणि भोकाभोवतीचं वर्तुळ जुळलं तर शंभरातल्या नव्वद वेळा जोडी तीच.

उरलेल्या दहा वेळांसाठी आट्यांचा गेज. बुलेटच्या आट्यांना इतिहास आहे. कंपनीचं मूळ इंग्लंडमधल्या रेडिच गावचं. 1955 मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली, पुढं बुलेट बनवायची यंत्रसामग्री इकडं आली आणि तिच्यासोबत इंच मापाचे आटेही आले. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद झाला, पण मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला इंची आटे कापणं चालूच राहिलं. नंतर काही जागी मिलिमीटरची मापं शिरली, आणि बाजारातल्या नकली मालानं उरलेला गोंधळ पुरा केला. व्हिटवर्थ आणि बीएसएफ आट्याचा कोन 55 अंशांचा, मेट्रिकचा 60 अंशांचा. डोळ्याला हा फरक दिसत नाही. गेजची पाती आट्यात बसवून उजेडासमोर धरली की मधल्या फटीतून दिसतो.

खरा घात करतो तो जुळल्यासारखा वाटणारा आटा. पाव इंची बीएसएफला एका इंचात 26 आटे असतात. 6 मिलिमीटरच्या साध्या मेट्रिक स्क्रूचं अंतर 1 मिलिमीटर, म्हणजे एका इंचात 25.4. दोन्ही इतके जवळ, की मेट्रिक स्क्रू पाव इंची भोकात बोटांनी सुळकन आत जातो. जाणारच, कारण पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, स्क्रू आत सैल असतो, फक्त आट्यांच्या टोकांना धरून. हात थोडा जड पडला की ती टोकं तासली जातात आणि स्क्रूबरोबर अ‍ॅल्युमिनियमची कुरळी तार बाहेर येते. वाटीतल्या पाव्हण्यांपैकी एक असाच 6 मिलिमीटरचा होता, आणि कव्हरच्या एका पाव इंची भोकात तो फार आनंदानं जात होता. तो डब्यात का आला याचं उत्तर मिळालं. 8 मिलिमीटरचा स्क्रू त्या मानानं प्रामाणिक म्हणायचा. 5/16 इंच म्हणजे जवळजवळ बरोबर 8 मिलिमीटर, पण बीएसएफला इंचात 22 आटे आणि मेट्रिकला वीसच्या थोडे वर, त्यामुळं दोन फेऱ्यांत तो अडतो आणि आपल्याला सांगतो की मी इथला नाही. ज्याला ते ऐकू येत नाही तो पाना लावतो.

सगळ्यात फसवा नग निघाला तो बँजो बोल्ट. रॉकरपर्यंत तेल नेणाऱ्या बाहेरच्या नळ्या या बोल्टांनी बांधलेल्या असतात. बोल्ट आतून पोकळ, बाजूला आडवं भोक. नळीच्या गोल डोळ्यातून तो जातो आणि त्याच्या पोटातून तेल पुढं जातं. डोळ्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन वायसर लागतात. डब्यात एका बँजोच्या जागी त्याच मापाचा, त्याच आट्यांचा, चांगला चकचकीत भरीव बोल्ट होता. पाव्हणाच, गाळ नव्हता त्याच्यावर. तो लावला असता तर बसला असता, घट्ट झाला असता, तेलाचा एक थेंब बाहेर आला नसता, आणि वरचे रॉकर कोरडे फिरून झिजले असते. तेल गळत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मानणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हा बोल्ट अजून काढून दाखवतो. काही प्लग तेल अडवायला असतात, काही तेल जाऊ द्यायला.

याच कारणासाठी सिलिकॉनच्या ट्यूबवर माझा राग आहे. वायसर मिळाला नाही की पिळली ट्यूब. बाहेरून सुंदर दिसतं. पण जेवढं सिलिकॉन बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं गेलेलं असतं. तिथं त्याची लोंबणारी दोरी होते, तेलानं सुटते आणि जाऊन बसते ती पंपाच्या तोंडाशी नाही तर एखाद्या बारीक भोकात. प्लगच्या आट्यांना टेफ्लॉनची टेप गुंडाळणारेही पाहिले. ती नळाची विद्या नळावरच बरी. ड्रेन प्लगचं तेल आट्यांनी अडत नाही, वायसरच्या सपाट बैठकीनं अडतं. बैठक खराब असेल तर टेपनं काही होत नाही, आणि बैठक चांगली असेल तर टेपची गरज नाही.

वायसरांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथं बहुतेकांचा समज असा की भोकात बसला म्हणजे झालं. तांब्याचा वायसर दाबला गेला की कडक होतो. पुन्हा तसाच लावला तर बैठकीच्या बारीक खाचांत तो शिरत नाही आणि पाझर सुरू होतो. पण तांब्याची खोड चांगली: तापवून मंद लाल केलं की ते पुन्हा मऊ होतं. अंधाऱ्या कोपऱ्यात ब्लो लॅम्पवर धरायचं, म्हणजे लाली नीट दिसते. मग पाण्यात टाका किंवा तसंच गार होऊ द्या, तांब्याला फरक पडत नाही. पाण्यात टाकल्यानं वरची काळी खपली सुटते एवढाच फायदा. पोलादासारखं पाण्यानं ते कडक होईल अशी भीती नवख्यांना वाटते, ती निराधार. नंतर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून वायसर त्यावर गोल गोल फिरवायचा, दोन्ही बाजू एकसारख्या होईपर्यंत. अ‍ॅल्युमिनियमच्या वायसरवर असले प्रयोग मी करत नाही. तो तापताना लाल दिसतच नाही, 660 अंशांना एकदम पाणी होतो, आणि नवा चहापेक्षा स्वस्त मिळतो. तांबूस फायबरचा वायसर जिथं उष्णता आणि दाब कमी तिथं चालतो. सुकला की चुरा होतो, म्हणून तो प्रत्येक वेळी नवा. पत्रा दुमडून केलेला पोकळ वायसर एकदाच चपटा होण्यासाठी असतो, स्पार्क प्लगखाली असतो तसा. नवा 14 मिलिमीटरचा स्पार्क प्लग हातानं टेकेपर्यंत फिरवून पुढं साधारण अर्धा फेरा आवळायचा. तोच प्लग परत लावताना पाव फेऱ्याच्या आतच थांबायचं, कारण वायसर आधीच चपटा झालेला असतो. बुलेटच्या हेडमध्ये डीकम्प्रेशर बसतो त्या भोकाचे आटेही स्पार्क प्लगचेच. काही हौशी लोक तिथं दुसरा प्लग लावतात. ते करायचं की नाही हा ज्याचा त्याचा शौक, पण त्या जागी वायसर विसरला तर कम्प्रेशन फुसफुसतं आणि माणूस व्हॉल्व्ह घासत बसतो.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात सहसा नसते. जुना वायसर क्रँककेसलाच चिकटून राहतो. वर्षानुवर्षांच्या मळानं आणि शेलॅकनं तो ओतकामाचाच भाग वाटतो. प्लग काढणारा बघतो, वायसर नाही, नवा घालतो. आता झाले दोन. दोन वायसर एकमेकांवर कधी नीट बसत नाहीत, त्यांच्यामधून तेल वाट काढतं. मग लोक आवळतात. मग आणखी आवळतात. शेवटी आटे जातात. या इंजिनाच्या टाकीच्या प्लगची कहाणी बहुतेक अशीच असावी: भोकाभोवती नखानं चाचपलं तर एक बारीक कड लागली, आणि ब्लेडच्या पात्यानं हलकेच उचलल्यावर तांब्याचं कडं निघालं. खालची बैठक चांगली राहिली होती, पण आतले आटे पार गेलेले.

त्यासाठी क्रँककेस घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरचं हे एक सुख आहे. ओतकाम, लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, आणि ऑइल इंजिनांच्या काळापासून हात बसलेली माणसं. मोठा टॅप मारून जाडा प्लग लावता आला असता, पण भोकाभोवती धातू फार उरत नव्हता. हेलिकॉइलची तार घालणं हा दुसरा पर्याय. स्पार्क प्लगच्या भोकाला मी तो आनंदानं वापरतो. ड्रेनच्या भोकाला मात्र तेल तारेच्या कडेनं खाली झिरपायची शक्यता असते आणि प्लग वारंवार निघतो, म्हणून बुश मारायचं ठरवलं. टर्नर म्हातारा, बोलायला तुसडा. मी प्लगही नवा करून मागितला तेव्हा त्यानं विचारलं, "आटे आन् बैठक एकाच पकडीत करू न्हवं?" हा प्रश्न विचारणारा टर्नर मिळाला की निम्मं काम झालं समजावं. आटे एका वेळी आणि डोक्याखालचा सपाट भाग नंतर प्लग उलटा धरून कापला, तर दोन्ही एकमेकांशी काटकोनात येतीलच असं नाही. केसाएवढा तिरकेपणा आला तरी वायसर एका बाजूनं जास्त दाबला जातो आणि दुसरीकडून तेल येतं. भोकाच्या बाजूची बैठकही त्यानं तशीच, भोकात दांडी सरकवून तिच्यावर फिरणाऱ्या कटरनं, हातानं हळूहळू सपाट केली.

परत बसवताना घाई करण्यासारखं काही नसतं. भोक आणि आटे कापडानं कोरडे करायचे, बैठकीवरून बोट फिरवायचं. डोळ्याला न दिसणारा चरा बोटाला लागतो. प्लग आधी उलटा, म्हणजे काढायच्या दिशेनं फिरवायचा. पहिला आटा दुसऱ्याच्या तोंडाशी आला की बारीकसा टक् होऊन तो खाली बसतो. तिथून पुढं सुलट. निदान तीन-चार फेरे बोटांनी गेले पाहिजेत. मगच पाना, तोही लांब दांड्याचा नाही. वायसर दाबला जातानाची जाणीव वेगळी असते: आधी मऊ, मग एका जागी घट्टपणा येतो. तिथं थांबायचं. टॉर्क पाना असेल तर उत्तमच. आमच्याकडं आहे, आणि शिकाऊ पोरांना आधी त्याच्यावरच काम करायला लावतो, म्हणजे हाताला माप कळतं. ताकदीवर विश्वास असलेली पोरं यात सगळ्यात उशिरा शिकतात. कोल्हापुरात तालमीत जाणारी पोरं काही कमी नाहीत.

प्रायमरीच्या झाकणाचं मात्र कितीही केलं तरी मन भरत नाही. अख्खं झाकण मधल्या एकाच नटवर, कडेला रबरी सील. गळतं म्हणून नट आवळावा तर झाकण मधे दबून कडा उचलतात आणि जास्त गळतं. तिथं नवं सील, स्वच्छ कडा आणि लेव्हलच्या स्क्रूपर्यंतच तेल, एवढंच हातात असतं. जास्त तेल भरून वर गळतं म्हणणारे फार.

बुलेटवाले अशा कामाला वेळ देतात, पैसेही देतात. रोजचं पोट भरतं ते स्प्लेंडरवाल्यांवर, आणि तिथं हेच काम दहा मिनिटांत उरकायची घाई असते. 17 चा पाना, 12 मिलिमीटरचा ड्रेन बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचा वायसर. सोपं दिसतं. पण या घराण्याच्या इंजिनाखाली ड्रेन बोल्टबरोबर कॅम चेनच्या टेन्शनरचाही बोल्ट असतो. तो ड्रेन समजून उघडला की तेलाबरोबर स्प्रिंग आणि दांडी हातात येते. ती उचलून बाजूला ठेवली आणि नुसता बोल्ट परत लावला, तर दुसऱ्या दिवसापासून चेनचा आवाज सुरू. असा आवाज करत आलेल्या गाड्यांचा तळ मी आधी बघतो. डाव्या कव्हरवरच्या त्या दोन गोल टोप्या, एक मोठी एक छोटी, आणि हेडवरच्या टॅपेटच्या टोप्या, या सगळ्यांना ओ-रिंग असते. तिथं वायसरची विद्या चालत नाही. ओ-रिंग दाबून सपाट होत नसते, खाचेत फुगून बसते. म्हणून तिला तेलाचं बोट लावून खाचेत बसवायची आणि टोपी हलक्या हातानं टेकवायची. छिन्नी-हातोड्यानं फिरवलेल्या टोप्या रोज दिसतात. त्याचं उत्तर एकच असतं, "गळू नये म्हणून जाम केलं." त्या जाम केल्यामुळंच ओ-रिंग चिरलेली असते.

बुलेटकडं परत येतो. सगळे प्लग जागेवर गेल्यावर सुमारे सव्वादोन लिटर तेल भरलं आणि लगेच किक मारली नाही. पंपाच्या वाटेत हवा अडकलेली असते. त्या वाटेचा प्लग दोन फेरे ढिला करून तेलाचे थेंब सलग येईपर्यंत वाट पाहिली, मग आवळला. स्पार्क प्लग काढून ठेवून किक हळूहळू दाबत राहिलो. इंजिन चालू झाल्यावर रॉकरजवळचा बँजो बोल्ट पाव फेरा सैल केला. तेल पाझरलं, म्हणजे वरपर्यंत पोचलं. गाडी गरम करून पूर्ण गार होऊ दिली आणि सगळ्या बैठका पुन्हा एकदा कोरड्या फडक्यानं पुसून पाहिल्या. टाकीचा कोरडा, क्रँकचा कोरडा, पंपाचा कोरडा. गिअरबॉक्सच्या खाली ओल होती, पण ती प्लगची नव्हती, शाफ्टच्या बाजूची होती. मालकाला तसं सांगितलं. तो हसला, "आज्याच्या वक्ताला बी तितनं गळायचं."

जाताना त्याला पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला. त्यावर इंजिनाचा तळ पेन्सिलनं काढलाय आणि प्रत्येक प्लगच्या जागी भोक पाडलंय. पुढं कुणीही इंजिन खोललं तर काढलेला प्लग त्याच भोकात, त्याच्या वायसरसकट खोचायचा. आमच्या गॅरेजवर आता प्रत्येक मोठ्या कामाला असा पुठ्ठा असतो आणि बिस्किटांच्या डब्यात फक्त बिस्किटं असतात.

तुमची गाडी कुठलीही असो, पुढच्या वेळी ऑइल बदलायला जाताना ड्रेन बोल्टचा नवा वायसर दुकानातून घेऊन जा आणि मिस्त्रीच्या हातात द्या. बोल्ट परत लावताना पहिले फेरे तो बोटांनी फिरवतो की थेट पान्यानं, तेवढं उभं राहून बघा. विचारलेलं चांगल्या मिस्त्रीला आवडतं. ज्याला राग येईल त्याच्याकडं परत जाऊ नका.